चीनचं कर्ज, आफ्रिकेचे रूळ: हा व्यवहार नेमका चालतो कसा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केनियाने रेल्वेसाठी चीनकडून घेतलेली डॉलरमधली कर्जं चिनी युआनमध्ये बदलून घेतली. यातून वर्षाला सुमारे २१.५ कोटी डॉलर वाचतील, असं तिथल्या अर्थखात्याचं म्हणणं. लगेच दोन तट पडले. एकाच्या मते केनिया चीनच्या पाशात आणखी रुतला, दुसऱ्याच्या मते त्याने हिशेब चोख केला. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर याच्याही पुढची आवृत्ती फिरत असते: चीनने आख्खी आफ्रिका विकत घेतली आहे, बंदरं गहाण पडली आहेत, आता आपली पाळी.

या गदारोळात एक साधा प्रश्न राहून जातो. हे कर्ज कोणी, कोणाला आणि कशाच्या भरवशावर दिलेलं असतं? तो सुटला की बाकीचा गुंता बराच सैल होतो. तेव्हा केनियाच्या रेल्वेपासूनच सुरू करू.

केनियाने घेतलं काय?

मोंबासा हे पूर्व आफ्रिकेचं मोठं बंदर. राजधानी नैरोबी तिथून पावणेपाचशे किलोमीटर आत, पठारावर. या दोन शहरांना जोडून पुढे व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जाणारी पहिली रेल्वे इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात टाकली. त्यासाठी अखंड हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्सावोच्या सिंहांनी मजूर ओढून नेल्याच्या गोष्टी आहेत, त्या याच कामावरच्या.

शंभर वर्षांनी ती लाइन रडतखडत चालत होती. मग चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशन या चिनी सरकारी कंपनीने शेजारून नवी रुंद लाइन बांधली आणि ३१ मे २०१७ ला तिचं उद्घाटन झालं. ८ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. फीत कापायची घाई का होती, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पैसे दिले चीनच्या एक्झिम बँकेने, म्हणजे आयात-निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेने. १.६ अब्ज डॉलर (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी) मिळाले २ टक्के सवलतीच्या दराने. पण २ अब्जांचं दुसरं कर्ज आणि पुढे नैवाशापर्यंतच्या टप्प्यासाठी घेतलेलं दीड अब्जांचं तिसरं कर्ज तरत्या व्याजाचं होतं. तरतं म्हणजे बाजारातला डॉलरचा दर वाढला की आपोआप वाढणारं. अमेरिकेने २०२२ पासून व्याजदर चढवले, तेव्हा केनियाचा हप्ताही फुगला. युआनचे दर त्यामानाने खाली असल्यामुळे कर्ज तिकडे वळवलं. कारण एवढंच. यातला धोका उलट्या दिशेला आहे. केनिया चीनला विकतो फारच कमी, मग हप्ता भरायला युआन कमवायचे कुठून? म्हणजे व्याज वाचलं तरी विनिमय दराची टांगती तलवार आलीच.

प्रवाशांना ही गाडी आवडली. मालवाहतूक मात्र अंदाजाइतकी आली नाही, कारण ट्रक माल थेट गोदामाच्या दारात टाकतो. मग सरकारने आयात कंटेनर रेल्वेनेच न्यायची सक्ती केली, त्यावर मोंबासाचे ट्रकवाले रस्त्यावर उतरले, आणि २०२२ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी सत्तेवर येताच सक्ती उठवली. तिकिटाच्या आणि भाड्याच्या पैशांतून हप्ता भागत नाही, म्हणून आयात मालावर रेल्वे विकास शुल्क लावलेलं आहे. ज्या माणसाने ही गाडी कधी पाहिलीही नाही, तोही बाजारातून आयात माल घेताना तिचे पैसे भरतो.

‘आफ्रिका’ नावाचा देश नाही

पुढे जाण्याआधी एवढं ध्यानात ठेवू. आफ्रिकेत ५४ देश आहेत. तेलावर जगणाऱ्या अंगोलाचा चीनशी व्यवहार वेगळा, तांबं विकणाऱ्या झांबियाचा वेगळा, आणि लाल समुद्राच्या तोंडाशी बसून बंदर भाड्याने देणाऱ्या जिबूतीचा तर फारच वेगळा. जिबूतीत चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ आहे, २०१७ पासून. शेजारीच अमेरिकेचा तळ, फ्रान्सचा आणि जपानचाही. छोटासा देश सगळ्यांकडून भाडं घेतो.

५४ पैकी ५३ देशांचे बीजिंगशी राजनैतिक संबंध आहेत. उरलेला एक एस्वातिनी (जुनं नाव स्वाझीलँड), तो अजून तैवानला मानतो. तैवानशी दोस्ती सोडणं ही चीनची पहिली अट असते. बाकी अटींबद्दल बीजिंग लवचीक असतं, या एका बाबतीत कधीच नाही.

जिराफ, ताझारा आणि ७६ मतं

चिनी नेत्यांना भाषणात जिराफाची गोष्ट सांगायला आवडते. पंधराव्या शतकात झेंग ह नावाच्या दर्यासारंगाचे ताफे पूर्व आफ्रिकेपर्यंत गेले आणि १४१५ मध्ये आजच्या केनियातल्या मालिंदीहून एक जिराफ मिंग सम्राटाच्या दरबारात पोचला. आम्ही आलो, व्यापार केला, वसाहत न करता परत गेलो, असा त्या गोष्टीचा मथितार्थ. ताफ्यात हजारो सैनिक होते, हे भाषणात सहसा येत नाही.

खरं नातं जुळलं ते इंडोनेशियात भरलेल्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या १९५५ च्या बांडुंग परिषदेनंतर. १९५६ मध्ये इजिप्तने चीनच्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली, आफ्रिकेतला पहिला देश. १९६३ मध्ये अल्जीरियात पहिलं चिनी वैद्यकीय पथक गेलं. ही प्रथा अजून चालू आहे आणि तिची वाटणी मजेशीर आहे: चीनच्या एकेका प्रांताने आफ्रिकेतला एकेक देश सांभाळायचा. अल्जीरिया हुबेकडे, टांझानिया शांडोंगकडे. १९६४ मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांनी आफ्रिकेच्या दौऱ्यात मदतीची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं की चिनी तज्ज्ञ स्थानिक तज्ज्ञांसारखेच राहतील, वेगळ्या सोयी मागणार नाहीत. गोऱ्या साहेबाचे बंगले पाहिलेल्या लोकांवर याचा काय परिणाम झाला असेल, कल्पना करा.

पण या सगळ्यात मोठी गोष्ट ताझाराची, म्हणजे टांझानिया-झांबिया रेल्वेची. झांबियाकडे तांबं भरपूर, समुद्र नाही. माल दक्षिणेकडून, ऱ्होडेशियातून (आजचा झिंबाब्वे) जायचा. १९६५ मध्ये तिथल्या गोऱ्या अल्पसंख्याकांनी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि झांबियाचा गळाच त्यांच्या मुठीत आला. झांबियाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा आणि टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी पूर्वेला दार-एस-सलामपर्यंत रेल्वे मागितली. जागतिक बँकेने आणि पाश्चात्त्य देशांनी नकार दिला, परवडणार नाही म्हणाले. चीनने होकार दिला. तोही सांस्कृतिक क्रांतीने घरात धुमाकूळ घातला असताना, आणि चीन स्वतः गरीब असताना. १८६० किलोमीटर, १९७० ते १९७५, बिनव्याजी ९८.८ कोटी युआन, कामावर एकूण ५० हजारांच्या आसपास चिनी माणसं. त्यातली साठाहून अधिक तिथेच मरण पावली. टांझानियात त्यांचं कब्रस्तान आहे आणि दौऱ्यावर आलेले चिनी पाहुणे तिथे फुलं वाहतात.

त्या काळात एक बारीक तपशील लपलेला आहे आणि तो आजच्या व्यवहाराची किल्ली आहे. बांधकामाचा स्थानिक खर्च, म्हणजे मजुरी वगैरे, भागवायला चीनने रोख पाठवली नाही. माल पाठवला. चिनी वस्तू टांझानिया-झांबियाच्या दुकानांत विकायच्या आणि त्या विक्रीतून खर्च भागवायचा. मैत्री खरीच होती, पण हिशेबाची वहीही उघडी होती.

२५ ऑक्टोबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा तैवानकडून बीजिंगकडे गेली. बाजूने ७६ मतं पडली, त्यात २६ आफ्रिकी देशांची. आजही चीनचा परराष्ट्रमंत्री वर्षातला पहिला परदेश दौरा आफ्रिकेचाच करतो. १९९१ पासून हा नेम मोडलेला नाही. एकगठ्ठा मतं कुठे आहेत, हे ज्याला कळतं तो आधी त्याच वाड्यावर जातो.

पैसा बीजिंगमधून बाहेर पडतो का?

बहुतेक वेळा नाही. हे समजलं की निम्मं कोडं सुटतं.

आफ्रिकी सरकार करारावर सही करतं. काम चिनी कंपनीला जातं. एक्झिम बँकेच्या सवलतीच्या कर्जात किमान निम्मी खरेदी चीनमधून करावी लागते, पोलाद, इंजिनं, सिग्नल सगळं धरून. काम जसं पुढे सरकेल तसं कंपनी बिल लावते, सरकार त्यावर शेरा मारतं आणि बँक पैसे कंपनीच्या खात्यात टाकते. बँक चीनची, कंपनी चीनची, खातं चीनमधलं. आफ्रिकेत येतो तो पूल, रेल्वे किंवा धरण. आणि कर्ज.

मग परतफेडीची खात्री काय? आपल्याकडे ऊसपट्ट्यात विकास सोसायटीचं पीककर्ज कसं वसूल होतं, ते आठवा. शेतकऱ्याला काही रोख मिळते, काही खताच्या पोत्यांच्या रूपात. ऊस कारखान्याला जातो. कारखाना बिल काढताना सोसायटीचे पैसे आधी कापतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर टाकतो. शेतकऱ्याच्या दारात वसुलीला कोणी येत नाही, जमीन जप्त होत नाही, कारण त्याच्या हातात पैसा यायच्या आधीच वसुली झालेली असते. आता कल्पना करा की सोसायटी, कारखाना आणि खताचं दुकान हे तिन्ही एकाच घरातल्या भावांचे आहेत.

अंगोलाचं कर्ज थेट असंच होतं. २७ वर्षांचं यादवी युद्ध २००२ मध्ये संपलं तेव्हा देशात रस्ते, वीज, घरं, काहीच उरलं नव्हतं. पाश्चात्त्य देश आणि नाणेनिधी म्हणाले, आधी तेलाच्या पैशांचा हिशेब दाखवा. २००४ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने २ अब्ज डॉलर दिले, हिशेब न मागता. तेल चिनी कंपनीला विकायचं, पैसे एका राखीव खात्यात जमा व्हायचे, त्यातून हप्ता कापला जायचा. अशा खात्याला एस्क्रो खातं म्हणतात. पुढे याला ‘अंगोला मॉडेल’ असं नावच पडलं आणि अंगोला आफ्रिकेतला चीनचा सगळ्यात मोठा कर्जदार झाला.

उसाचा भाव पडला की बिलात कापून काही उरत नाही, तसंच तेलाचं झालं. २०१४ नंतर भाव कोसळले आणि तेवढ्याच हप्त्यासाठी जास्त पिंपं द्यावी लागली. २०२४ मध्ये अंगोलाने चीनच्या विकास बँकेशी बोलणी करून त्या राखीव खात्यातून दरमहा १५ ते २० कोटी डॉलर मोकळे करून घेतले. स्वतःच्याच तेलाचे पैसे मिळवायला वाटाघाटी कराव्या लागल्या, यात सगळं आलं.

“पण हा तर सरळसरळ सापळा!”

‘कर्जाचा सापळा’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो एका भारतीय अभ्यासकाने, ब्रह्मा चेलानी यांनी, २०१७ मध्ये. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर तेव्हा गाजत होतं. कर्ज मुद्दाम एवढं द्यायचं की फेडता येऊ नये, आणि मग मालमत्ता बळकवायची, असा आरोप.

आफ्रिकेत आजवर कर्जापोटी चीनने बंदर किंवा विमानतळ ताब्यात घेतल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण नाही. २०१८ मध्ये केनियाच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातलं एक पत्र फुटलं आणि मोंबासा बंदर गहाण असल्याची बातमी जगभर गेली. बंदर प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल मिळवून देण्याची हमी घेतली होती, हे खरं. पण बंदर तारण होतं हा करारातल्या कलमाचा चुकीचा अर्थ होता, असं नंतर करार तपासणाऱ्या संशोधकांनी दाखवलं. युगांडातल्या एंटेबे विमानतळाबद्दलही तशीच हाकाटी झाली. २०२२ मध्ये तो करार बाहेर आला तेव्हा दिसलं की विमानतळ जप्त करायची तरतूद नाही, पण विमानतळाच्या उत्पन्नातून आधी चीनचं कर्ज फेडायचं, बाकी सगळं नंतर. पुन्हा ऊसबिलाचीच कपात.

आणखी एक आकडा. ब्रिटनमधल्या डेट जस्टिस या संस्थेने २०२२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा आफ्रिकी सरकारांच्या परदेशी कर्जात चिनी सावकारांचा वाटा १२ टक्के निघाला आणि पाश्चात्त्य खासगी सावकारांचा, म्हणजे रोखे विकत घेणाऱ्या कंपन्या, बँका आणि तेलव्यापाऱ्यांचा, ३५ टक्के. शिवाय त्यांचं व्याज चीनपेक्षा चढं. लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत सापळा हा शब्द या दुसऱ्या गटासाठी क्वचित वापरला जातो.

मग चीनला निर्दोष ठरवून मोकळं व्हायचं का? नाही. माझ्या मते खरी तक्रार गुप्ततेची आहे, आणि झांबियाचं प्रकरण त्याचा पुरावा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने रोख्यांवरचं सव्वाचार कोटी डॉलरचं व्याज भरलं नाही आणि देश थकबाकीदार झाला. २०२१ मध्ये सरकार बदललं, वह्या उघडल्या, तेव्हा चिनी बँकांचं कर्ज सुमारे ६.६ अब्ज डॉलर असल्याचं संशोधकांना आढळलं. आधीच्या सरकारने सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट! करारांत गोपनीयतेची कलमं होती, त्यामुळे संसदेला, रोखेधारकांना, कोणालाच पूर्ण चित्र माहीत नव्हतं. कोण किती सोडणार यावर सगळे सावकार एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. सरकारी सावकारांशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. ६.३ अब्जांची फेररचना झाली, त्यातले ४ अब्जांहून अधिक चीनचे. मधल्या अडीच वर्षांची किंमत झांबियाच्या लोकांनी महागाईत आणि कापलेल्या सरकारी खर्चात मोजली.

गुप्तता चीनला सोयीची असते, तशीच ती करारावर सही करणाऱ्या मंत्र्यालाही असते. ‘चीनने फसवलं’ म्हटलं की हा दुसरा माणूस अलगद सुटतो. केनियात रेल्वेचं कंत्राट स्पर्धात्मक निविदेशिवाय दिलं, ते बेकायदा होतं, असा निकाल तिथल्याच अपील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. खटला भरणारे केनियाचे नागरिकच होते.

“मजूरसुद्धा तेच आणतात म्हणे”

हा दुसरा नेहमीचा आक्षेप. सुरुवातीच्या काळात आणि मोठ्या प्रकल्पांच्या तांत्रिक कामांत तो बराचसा खरा होता. आता नाही. मॅकिन्सी या सल्लागार कंपनीने २०१७ मध्ये आठ देशांतल्या हजाराहून अधिक चिनी कंपन्या पाहिल्या, तेव्हा ८९ टक्के कर्मचारी आफ्रिकी निघाले. व्यवस्थापकांत मात्र स्थानिकांचं प्रमाण ४४ टक्केच. घमेलं उचलायला गावकरी आणि खुर्चीत पाहुणा, हे दुखणं आहे.

आणि सुरक्षेचं. झांबियातल्या चांबिशी इथे २००५ मध्ये चिनी मालकीच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन पन्नासच्या आसपास झांबियन कामगार मेले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत विरोधी नेते मायकेल साटा यांनी चीनविरोधी प्रचाराचं रान उठवलं. २०११ मध्ये ते निवडून आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी राष्ट्राध्यक्ष भवनात चिनी गुंतवणूकदारांना मेजवानी दिली! फेब्रुवारी २०२५ मध्ये कितवे शहराजवळ एका चिनी कंपनीच्या तांब्याच्या खाणीतल्या आम्लयुक्त गाळाचा बांध फुटला आणि विष काफुए नदीला मिळालं. मासे मेले, शेती जळाली, शहराचं पाणी बंद पडलं. देशातले निम्म्याहून अधिक लोक या नदीच्या खोऱ्यात राहतात.

कच्चा माल जातो, फोन येतात

२००९ पासून चीन हा आफ्रिकेचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार आहे. २०२४ मध्ये दोन्ही बाजूंचा व्यापार २९५ अब्ज डॉलरच्या घरात गेला. चीनने विकलं सुमारे १७९ अब्जांचं, घेतलं ११७ अब्जांचं. म्हणजे आफ्रिकेला ६० अब्जांहून मोठी तूट. जातं काय? कच्चं तेल, तांबं, लोखंडाचं खनिज आणि कोबाल्ट. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टचा बहुतांश जागतिक पुरवठा एकट्या काँगोतून होतो, आणि तिथल्या मोठ्या खाणींपैकी बऱ्याच चिनी कंपन्यांच्या हातात आहेत. तेंके फुंगुरुमेची खाण तर २०१६ मध्ये अमेरिकी कंपनीनेच चिनी कंपनीला विकली, २.६५ अब्ज डॉलरला. आज वॉशिंग्टन कोबाल्टच्या नावाने बोटं मोडतं, तेव्हा हा व्यवहार आठवतो.

येतं काय? जवळपास सगळंच, पण फोनची कथा ऐकण्यासारखी आहे. शेनझेनची ट्रान्शन ही कंपनी टेक्नो, आयटेल आणि इन्फिनिक्स हे फोन बनवते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात हे डबे दिसतातच. चीनमध्ये मात्र ते विकले जात नाहीत. कंपनीने सुरुवातच आफ्रिकेपासून केली आणि तिथे ती पहिल्या क्रमांकावर गेली. तिने तिथल्या अडचणी पाहिल्या: वीज जाते म्हणून बॅटरी दांडगी हवी, कॉल स्वस्त पडावा म्हणून दोन-दोन सिम हवीत, कीबोर्डवर अम्हारिक भाषा हवी. आणि कॅमेरा असा हवा की सावळ्या-काळ्या चेहऱ्याचा फोटो अंधारात नुसत्या दातांपुरता उरू नये. बड्या कंपन्यांना हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं. मला विचाराल तर चीनचं आफ्रिकेतलं सगळ्यात यशस्वी राजदूतपद या फोनकडेच आहे.

जून २०२५ मध्ये चीनने जाहीर केलं की संबंध असलेल्या सर्व ५३ देशांच्या मालावरचं आयात शुल्क शून्य करू. ऐकायला जंगी. पण तेल आणि खनिजावर शुल्क आधीही नगण्यच होतं. शेतमालाला शुल्कापेक्षा कीड-रोग तपासणीचे नियम आडवे येतात. केनियाच्या ॲव्होकॅडोचंच घ्या. आधी परवानगी मिळाली ती सोलून, गोठवून पाठवण्याची. एवढी गोठवणयंत्रं आणायची कुठून? ताजं फळ पाठवायला २०२२ उजाडलं.

उलटी गोष्टही घडते. गाढवाच्या कातड्यापासून चीनमध्ये ‘एज्याओ’ नावाचं पारंपरिक औषध बनतं. त्याची मागणी इतकी वाढली की आफ्रिकेच्या खेड्यांतून गाढवं चोरीला जाऊ लागली. पाणी आणि सरपण वाहणारं जनावर गेलं की तो भार बायकांच्या डोक्यावर येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवं मारायला खंडभर बंदीच घातली.

ग्वांगझूमधली गल्ली

सरकारं आणि बँका सोडून साध्या माणसांकडे येऊ. ग्वांगझू शहरातला श्याओबेई हा भाग नव्वदीच्या अखेरीपासून आफ्रिकी व्यापाऱ्यांनी गजबजला. नायजेरिया, माली, गिनी, काँगो, कुठून कुठून लोक आले. कपडे, बूट, विग, सुटे भाग घाऊक घ्यायचे, कंटेनर भरायचा आणि लागोसला नाहीतर किन्शासाला पाठवायचा. लग्नं झाली, मुलं झाली, काही संसार व्हिसाच्या नियमांत अडकले.

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या भीतीने याच शहरात आफ्रिकी भाडेकरूंना घराबाहेर काढलं, हॉटेलांनी दारं लावली, लोक रस्त्यावर झोपले. व्हिडिओ घरोघरी पोचले. बीजिंगमधल्या आफ्रिकी राजदूतांनी एकत्र निषेधाचं पत्र लिहिलं आणि नायजेरियाच्या संसदेच्या सभापतींनी चिनी राजदूताला समोर बसवून ते व्हिडिओ दाखवले. बंधुभावाची भाषा करणाऱ्या नात्यात ही गोष्ट अजून सलते.

शिकणाऱ्यांची वाट मात्र रुंदावत गेली. २००३ मध्ये चीनमध्ये दोन हजारही आफ्रिकी विद्यार्थी नव्हते, २०१८ मध्ये ८१ हजारांवर गेले. शिष्यवृत्ती मिळते, व्हिसा मिळतो, परतल्यावर चिनी कंपनीत दुभाष्याची नोकरी मिळते. आफ्रिकेतली पहिली कन्फ्युशियस संस्था, म्हणजे चिनी भाषा शिकवणारं सरकारी केंद्र, २००५ मध्ये नैरोबी विद्यापीठात सुरू झाली. हा प्रचार आहे का? आहेच. ब्रिटिश कौन्सिल आणि आलियाँस फ्रान्सेझ वेगळं काय करतात?

आणि आपण?

चीनवर बोट ठेवताना एक पत्ता लक्षात असू द्यावा: कफ परेड, मुंबई. भारताच्या एक्झिम बँकेचं मुख्यालय तिथे आहे. तीही आफ्रिकी देशांना कर्ज देते आणि साधारणपणे ७५ टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट घालते. रक्कम चीनच्या तुलनेत लहान, तऱ्हा तीच. कर्ज देणारा प्रत्येक देश आपल्या कंपन्यांचं पाहतो. जपानने आपल्याला बुलेट ट्रेनसाठी कर्ज दिलं, ते काय केवळ प्रेमापोटी?

फोनमध्ये चिनी कंपनीने जे केलं ते दुचाकीत पुण्याच्या बजाजने केलं. कंपालात आणि नैरोबीत भाड्याने धावणाऱ्या दुचाकीला ‘बोडा-बोडा’ म्हणतात, आणि त्यात बजाज बॉक्सर पावलोपावली दिसते. साधं इंजिन, लांब सीट, कुठेही मिळणारे सुटे भाग. कोणतंही शिखर संमेलन न घेता हे घडलं.

कर्ज आटलं, मग आता?

जुन्या बातम्यांवर बेतलेली मतं इथे चुकतात. बोस्टन विद्यापीठाच्या नोंदींनुसार २००० ते २०२३ या काळात चिनी संस्थांनी आफ्रिकी सरकारांना सुमारे १८२ अब्ज डॉलरची कर्जं दिली, पण त्यातला उच्चांक २०१६ चा, २८ अब्जांवर. २०२२ मध्ये आकडा एका अब्जाच्या आसपास घसरला, २०२३ मध्ये जेमतेम साडेचारवर आला. दुधाने तोंड पोळलेली एक्झिम बँक आता ताकही फुंकून पिते. केनियाची रेल्वे युगांडाच्या सीमेपर्यंत जाणार होती, ती नैवाशाच्या पुढच्या माळावर थांबली ती याच काळात. सप्टेंबर २०२४ च्या बीजिंग परिषदेत चीनने तीन वर्षांसाठी ३६० अब्ज युआन, म्हणजे सुमारे ५० अब्ज डॉलर, जाहीर केले. त्यातही नुसत्या कर्जाऐवजी कंपन्यांच्या थेट गुंतवणुकीला मोठी जागा आहे.

थेट गुंतवणूक म्हणजे काय, ते ताझारावर दिसेल. क्षमतेच्या अगदी थोड्या भागावर कशीबशी चालणारी ती रेल्वे आता सीसीईसीसी या चिनी सरकारी बांधकाम कंपनीला ३० वर्षांसाठी चालवायला दिली आहे. कंपनी १.४ अब्ज डॉलर घालणार आणि वाहतुकीतून वसूल करणार. न्येरेरे-कौंडांना मिळालं होतं ते मित्राचं बिनव्याजी कर्ज. हा धंदा आहे, तोटा झाला तर यावेळी कंपनीचाही होईल.

पश्चिमेला दुसरी वाट तयार होते आहे. अंगोलाच्या लोबिटो बंदरापासून काँगोच्या सीमेपर्यंतची जुनी रेल्वे युद्धात उद्ध्वस्त झाली होती, ती चिनी कंपनीने पुन्हा बांधली. पण २०२२ मध्ये ती चालवायचं कंत्राट निघालं, तेव्हा चिनी बोलीदार हरले आणि युरोपीय गटाला ते मिळालं. त्यामागे अमेरिकेच्या विकास वित्त महामंडळाचं ५५.३ कोटी डॉलरचं कर्ज आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जो बायडेन स्वतः लोबिटोला जाऊन आले. रूळ चीनने घातले, गाडी युरोपची, पैसा अमेरिकेचा.

झांबियाने दोन्ही बाजूंच्या कागदांवर सह्या केल्या आहेत. तांबं पूर्वेकडे पाठवायचं की पश्चिमेकडे, याचा भाव आता तिथल्या राजधानीत, लुसाकात ठरतो.